असोल्या नारळाचा खेळ आणि काकीचं पिवळं फडकं

अमेरिकन फुटबॉलवर अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात अधिकाराने बोलू शकणारा माणूस एकच, आणि तो मी. दुसरा कुणी असेल तर त्याने समोर यावं. मी त्याला बांगड्याचं जेवण घालीन आणि मग वादात लोळवीन. बारा वर्षं जहाजावर खलाशी होतो. तिथल्या मेसमध्ये हा खेळ मला लागला, जसा एखाद्याला दमा लागतो. गावी कायमचा परतलो तेव्हा एक सुटलेलं पोट, एक गमबूट (दुसरा हिंदी महासागरात आहे) आणि एक लाल सदऱ्यांचा आवडता संघ एवढंच सोबत आणलं.

करोनाच्या साथीतल्या त्या मोसमाबद्दल माझी मतं ठाम आहेत. पहिलं म्हणजे तो खेळवायलाच नको होता. दुसरं म्हणजे नसता खेळवला तर मी मेलो असतो. रिकामी मैदानं, खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं, आणि भोंग्यातून सोडलेला टेपवरचा आरडाओरडा! बावीस धटिंगण तीन तास एकमेकांच्या उरावर पडून एकमेकांचा श्वास ओढणार, आणि खेळ संपला की हात मिळवायला मनाई. प्रशिक्षकांचे मास्क हनुवटीला, थेट आमच्या सरपंचांसारखे. एका संघाचे तर चेंडू फेकणारे सगळेच विलगीकरणात गेले आणि भलत्यालाच फेकायला उभा केला. नवरदेव अडकला म्हणून बँडवाल्याला बोहल्यावर चढवावं, तसं ते दिसत होतं.

अडचण एवढीच, की जूनच्या वादळात माझ्या घरावरची डिश उडाली. पूर्णगडच्या एका होडीवाल्याने ती ढगातून पश्चिमेला जाताना पाहिली म्हणतात. आफ्रिकेत आज कुणीतरी माझ्या डिशवर फुकट कुस्ती बघत असणार.

शेजारच्या काकीचा टीव्ही मात्र शाबूत, दाराएवढा, तिच्या मुलाने मागच्या सुट्टीत घेतलेला. मुलगा माझ्याच धंद्यातला. त्याचा करार मार्चमध्ये संपला होता, पण साथीमुळे खलाशांना कुठल्याच बंदरात उतरू देईनात. जमीन दिसायची, पाय लागायचा नाही. दर फोनला तो नव्या बंदराचं नाव सांगायचा. काकीने नावं लक्षात ठेवणं सोडून दिलं होतं. ती रोज सकाळी टीव्हीवर भजनं लावून फोनची वाट बघत बसायची. आणि तिकडची रविवार रात्रीची मॅच म्हणजे आमची सोमवारची सकाळ, बरोब्बर भजनाची वेळ!

इथे मी आयुष्यातली सगळ्यांत हलकट थाप मारली.

"काकी," म्हटलं, "तुझा मुलगा ज्या बंदराबाहेर अडकलाय ना, तिथला एक संघ आहे. लाल सदरेवाले. ते जिंकत गेले की तिथले साहेब खूश होतात आणि बंदर उघडतात."

"खरं काय रे?"

"बारा वर्षं काढलीत मी जहाजावर."

एवढं मात्र खरं होतं. काकीने भजन बंद केलं.

मला वाटलं, ती कोपऱ्यात वाती वळत बसेल. पण पोरासाठी बघायचं म्हटल्यावर काकी जीव पणाला लावून बघायला लागली.

"ते नारळ घेऊन पळतात कशाला?"

"नारळ नाही काकी, चेंडू."

"असोला नारळ हाय तो, न सोललेला. मना नको शिकवू."

आकार पाहता तिचं काही चुकत नव्हतं. म्हटलं, "बरं, नारळ. चार डावांत दहा यार्ड पुढे न्यायचा. नाही जमलं तर नारळ दुसऱ्यांचा."

"दहा यार्ड म्हंजे किती?"

"तुझ्या पडवीपासून विहिरीपर्यंत."

"त्याला चार डाव? भरली कळशी घेऊन मी एका दमात येतंय!" मग जरा वेळाने, "आनि तो पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला सारखा पिवळं फडकं कशाला फेकतो?"

"तो पंच. कोण चुकला की फडकं टाकायचं आणि त्याला पाच यार्ड मागे हाकलायचं."

काकीचे डोळे लकाकले. हेच हत्यार ती साठ वर्षं शोधत होती. पुढच्या सोमवारी तिच्या कमरेला पिवळं फडकं खोचलेलं. माझा मास्क नाकाखाली आला, फडकं. मी चहा फुर्रकन ओढला, फडकं. माझी बायको मला बोलवायला आली आणि टीव्हीसमोरून गेली, फडकं. तर बायको मुकाट्याने पाच पावलं मागे! लग्नाला वीस वर्षं झाली, मला हे एकदाही साधलं नव्हतं.

आणि मग ती देवळात गेली. आमच्याकडे मोठं मागणं असलं की ग्रामदेवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव मागणं मोठ्याने सांगतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गुरवाने मास्कमधून सांगितलं, की लाल सदरेवाले जिंकू देत, बंदर उघडू दे, लेकरू घरी येऊ दे, कोंबडा देऊ. झालं! पोर आणि संघ एकाच नवसात बांधले गेले. मी मागे उभा राहून 'व्हय म्हाराजा' म्हणालो, पण देवाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू.

संघ मात्र जिंकत सुटला. मग वाडीतली माणसं येऊन बसायला लागली, कारण पोर सगळ्यांचंच. देवरूखहून काकीची बहीण फोन करून नारळ कुठपर्यंत गेला ते विचारायची. नवसाचा कोंबडासुद्धा उंबऱ्यावर बसून बघायचा, आणि लाल संघाने चेंडू नेला की मान खाली घालायचा. शपथेवर सांगतो.

एकदा काकीने पुठ्ठ्याची माणसं पाहिली. "ही कोन?"

"ज्यांना येता आलं नाही, त्यांचे फोटो."

काकीने त्याच दिवशी माळ्यावरची रिकामी खोकी खाली काढली. पुढच्या सोमवारी पहिल्या खुर्चीवर तिचा मुलगा! आंब्याच्या खोक्यांचा पुठ्ठा कापलेला, वर मोठ्या करून आणलेल्या फोटोचं डोकं, आणि छातीवर 'हापूस, पाच डझन'. गावाच्या समितीचा माणूस गर्दी मोजायला आला. पाचाच्या वर माणसं एका खोलीत नकोत, असा नियम. दारातूनच बोट फिरवून म्हणाला, "सहा झाले. एकाने उठायचं." काकीने मला उठवलं. उरलेली मॅच मी खिडकीतून पाहिली.

जानेवारीत बाद फेरी आली. जो हरला तो घरी. आणि आमचे हरले. त्या प्रशिक्षकाने चौथ्या डावात धावायचं सोडून चेंडूला लाथ का मारायला लावली, हे मी त्याला भेटेन तेव्हा विचारणार आहे.

काकीने टीव्हीकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे. "म्हंजे आता तो येनार नाय," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. आणि पुठ्ठा काखेत घेऊन आत निघाली.

मी माडाएवढ्या लाटा पाहिल्यात. हे मात्र बघवेना.

"काकी, थांब. थाप होती ती. त्या संघाचा आणि पोराचा काही संबंध नाही. त्याचं जहाज त्या बाजूला नाहीच. मला मॅच बघायची होती."

फडकं माझ्या तोंडावर आलं. "माग हो." मी पाच पावलं मागे गेलो. "आनि माग." पडवी संपली. "आनि माग, मेल्या." विहिरीला पाठ टेकली तेव्हा ती म्हणाली, "देवाजवळ बोलून बसलंय मी. आता हे सोडवनार कोन?"

दुपारी गुरवाला जेवणावरून उठवला. "असलं गाऱ्हाणं माझ्या बापाने पण घातलं नाय," म्हणत त्याने घातलं: "म्हाराजा, नारळवाले येगळे, पोर येगळा. ह्या गाढवाने दोघांची गाठ मारली, ती सोडव. नारळवाले त्यांच्या करनीने हरले. पोराचं तेवढं बघ."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज गाढवाचा.

बाहेर येऊन काकीने फोन माझ्या हातात दिला. "बारा वर्षं काढलीस ना? मग लाव. त्या जहाजाच्या कंपनीवाल्यांना रोज लाव."

रोज लावला. सकाळी भजनाच्या वेळेला, काकीच्या पडवीत उभा राहून. कुठल्या कचेरीत कोण बसतो, कुणाला 'साहेब' म्हणायचं आणि कुणाला शिव्या घालायच्या, हे मला ठाऊक होतं. शेवटी पलीकडचा माणूस माझा 'हॅलो' ऐकूनच विव्हळायला लागला. फेब्रुवारी सरता सरता मुलगा आला.

गावाने त्याला चौदा दिवस शाळेत ठेवला, समोर सुंभाची दोरी बांधून. काकी पुठ्ठा घेऊनच भेटायला गेली. मुलाने आईकडे पाहिलं, मग तिच्या बाजूला उभ्या 'हापूस, पाच डझन'कडे, आणि "आये" म्हणत दोरीवरून पाय टाकला.

फडकं सुटलं. "पाच यार्ड माग!"

पोरगा दचकून मागे गेला. "हिला काय झालंय?" त्याने मला विचारलं.

काकीने डोळे पुसायला कमरेला हात घातला, पण फडकं दोरीच्या पलीकडे पडलेलं.

पंधराव्या दिवशी नवसाचा कोंबडा शिजला. मला पंगतीला बोलावलं होतं. माझा पाट मांडला होता विहिरीपाशी.