आग्नेय कोपऱ्यातलं इंजिन

वहिनींना दमा आहे हे मला त्या घरात राहायला गेलो त्याच संध्याकाळी कळलं, कारण लाइट गेली. अंबरनाथला तेव्हा लाइट असण्याचंच कौतुक होतं, जाण्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. लोक कंदील पेटवत आणि जेवायला बसत. या घरात मात्र आधी कंदील कुणी शोधला नाही. साहेब आणि त्यांची आई, म्हणजे आजी, दोघंही वहिनींच्या खोलीकडे धावले. छताच्या पंख्याचा वेग कमी होत गेला, पाती एकेक वेगळी दिसायला लागली, आणि तिकडे वहिनींचा श्वास वर चढायला लागला. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. साहेब पुठ्ठ्याने वारा घालत होते, आजी पाठ चोळत होत्या. मी तापलेल्या अंगाने दाराला धरून उभा होतो आणि आपण इथे उभं राहावं की जावं हेच मला ठरवता येत नव्हतं.

मी भंडाऱ्याकडचा. चौथीनंतर शाळा सुटली. गावचा एकजण अंबरनाथच्या कारखान्यात होता, त्याच्या मागे आलो आणि मशीनखात्यात फिटरच्या हाताखाली लागलो. मोरिवलीत एका खोलीत आम्ही पुष्कळजण राहायचो. मला विषमज्वर झाला तेव्हा खोलीवाल्यांनी माझी वळकटी ओसरीवर आणून ठेवली. त्यांचंही चुकलं नाही, भीती सगळ्यांनाच असते. आमच्या खात्याचे मोठे साहेब इंजिनिअर होते. त्यांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी मला टांग्यात घालून आपल्या बंगल्यावर आणलं. मागच्या अंगणात एक खोली रिकामी होती. साहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, स्वतःला दम लागत असताना माझ्यासाठी तांदळाची पेज करून पाठवायच्या. मी बरा झालो. मला जा असं कुणी म्हणालं नाही, आणि राहू का असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं त्यांना. त्या भीतीपोटी मी दिसेल ते काम करायचो. विहिरीचं पाणी भरायचो, बागेतलं गवत काढायचो, फ्यूज गेला तर तार बांधायचो.

वहिनी माझ्या बोलण्याची थट्टा करायच्या. मी "पाणी भरून राहिलो", म्हणजे भरतोय, असं म्हटलं की त्या खिडकीतून म्हणायच्या, "भरून राहा हो, पण संध्याकाळी तरी विहीर सोड." त्यांना मूलबाळ नव्हतं. हसल्या की लगेच खोकला यायचा, म्हणून हसण्याआधी त्या हात छातीवर ठेवायच्या.

त्या उन्हाळ्यात लाइट फार जायला लागली. डॉक्टर म्हणाले, यांना हवा सतत लागते, काहीतरी सोय करा. साहेबांनी ठरवलं, घराला स्वतःची वीज करायची. एक खोली नाही, एक पंखा नाही, सगळं घर. आजी ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे घरात गिरणी बसवणार?" साहेब म्हणाले, "तसंच समज."

नवीन यंत्र मिळण्यासारखं नव्हतं. साहेब मला घेऊन कॅम्पात गेले. उल्हासनगर हे नाव झालं होतं, पण आम्ही कॅम्पच म्हणायचो. लढाईच्या वेळचं लष्कराचं सामान तिथे अजून विकत मिळायचं. एका बराकीच्या तोंडाशी सिंधी व्यापारी बसला होता आणि त्याच्यामागे ताडपत्रीखाली तेलाचं इंजिन आणि त्याला जोडलेला डायनामो होता. साहेब वाकून एकेक बोल्ट बघत होते तेव्हा तो म्हणाला, "साईं, मिलिटरीका माल है. याने लढाई पाहिली, तुमचा बंगला काय मोठी गोष्ट."

"लढाईतच थकलं असेल," साहेब म्हणाले.

"थकले तर आम्ही पण आहे, साईं. दुकान तर उघडतोच ना."

कशासाठी हवंय, त्याने विचारलं. साहेबांनी सांगितलं.  मग त्याने मला आत नेऊन त्याचं बिऱ्हाड दाखवलं. बराकीच्या मधोमध चादर टांगली होती, पलीकडे दुसरं कुटुंब. चादरीच्या वर बरोबर मध्ये एक बल्ब होता आणि त्याचा उजेड दोन्ही घरांत पडत होता. "तिकडे आमच्या हवेलीत जिन्यातसुद्धा बत्ती होती," तो म्हणाला, आणि इंजिनाबरोबर हँडल, पट्टा आणि तेलाचा डबा न मागता बैलगाडीत चढवला.

इंजिन आलं आणि कुठे बसवायचं यावर घर अडलं. साहेबांनी उत्तरेला, विहिरीजवळ, जागा आखली होती. आजी काठी टेकत तिथे आल्या.

"ते पेटतं ना रे?"

"आत पेटतं, आई. बाहेर जाळ दिसत नाही."

"आत पेटो नाहीतर बाहेर. अग्नीची जागा आग्नेय. इथे पाण्याशेजारी कुठे ठेवतोस?"

"आग्नेयेला हिची खिडकी आहे."

"असू दे. विहीर खणताना तुम्ही बापलेकांनी मला विचारलं नाहीत."

 ती विहीर ज्या वर्षी खणली त्याच वर्षी साहेबांचे वडील गेले होते. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की साहेबांनी हातातला जागा आखायचा दोरा गुंडाळायला घेतला. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "माझ्यासाठीच येतोय ना तो? मग राहू दे माझ्याजवळ."

आग्नेय कोपऱ्यात, त्यांच्या खिडकीपासून थोडं पुढे, आम्ही पाया खणला. सिमेंटचा चौथरा केला, त्यात बोल्ट पुरले, वर पत्र्याची शेड घातली. धुराचा पाइप कुंपणाकडे काढला. घरात मीटरशेजारी एक मोठा खटका बसवला. वर केला की तारेवरची वीज, खाली केला की आपली. दोन्ही एकदम कधी चालू होणार नाहीत, नाहीतर आपली वीज बाहेर जाईल आणि खांबावर चढलेला कुणीतरी मरेल, हे साहेबांनी मला पुन्हा पुन्हा समजावलं आणि माझ्याकडून म्हणून घेतलं.

वैशाखात पहिल्यांदा इंजिन सुरू केलं. आजींनी चौथऱ्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ मी फोडला. साहेबांनी वर असलेला तो मोठा खटका मुद्दाम खाली पाडला, घर काळोखलं. मी हँडल मारलं. इंजिन दोनदा शिंकलं आणि लागलं. मग घरातल्या सगळ्या खोल्या, ओसरी, न्हाणीघर, देवघर, सगळं एकदम उजळलं. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर करतात तसे सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. साहेबांचेही. वारा पश्चिमेचा होता. धूर कुंपणावरून मोरिवलीच्या शेतांकडे निघून गेला, आणि तो कुठे जातोय हे बघायची गरज कुणालाच वाटली नाही.

वहिनींनी इंजिनाचं नाव जावई ठेवलं. घरात मुलगी नाही पण जावई आहे, म्हणायच्या. "जावयांना जेवायला घातलं का?" म्हणजे तेल ओतलं का. हँडल मारूनही लागलं नाही तर "रुसले असतील, पाय धुवा त्यांचे." एकदा लाकडाची मोळी घेऊन आलेली डोंगरावरच्या वाडीतली बाई त्या धडधडीला दचकली. "आजे, ह्यो कोन वरडतंय?" तिने विचारलं. आजी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "आमचा जावई आहे गं. घोरतोय." त्या बाईने मोळी टाकली आणि शेडला लांबून वळसा घालून गेली.

पावसाळा चांगला गेला. वीज जायची, मी धावायचो, पंखा पुरता थांबायच्या आत पुन्हा फिरायला लागायचा. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "तो धडधडला की मला वाटतं माझ्याऐवजी कुणीतरी श्वास घेतंय." मी तेव्हा फार सुखात होतो. त्या घरात माझं एक काम होतं, आणि ते काम असेपर्यंत मला कुणी जा म्हणणार नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांचा त्रास वाढला. डॉक्टर म्हणाले, थंडी. सगळेच म्हणाले, थंडी. थंडीत दमा वाढतोच. लाइट गेली की मी इंजिन लावायचो, पंखा फिरायचा, आणि तरी त्यांना दम लागायचा. पंखा फिरत असताना दम का लागतो हे मला समजत नव्हतं. इंजिनाचाच काही दोष असेल म्हणून मी ते पुसत बसायचो.

एका सकाळी पडदे धुवायला काढले. वहिनींच्या खिडकीचा पडदा पांढरा होता. त्याच्या खालच्या काठाला काळं धरलं होतं, चुलीवरच्या फडक्यासारखं. मी तो तसाच साहेबांना नेऊन दाखवला. बोलायला मला भीती वाटत होती, म्हणून नुसता दाखवला.

साहेबांनी पडदा हातात घेतला. मग बागेत जाऊन खिशातला रुमाल एका टोकाला धरून वर केला. रुमाल घराच्या दिशेने उडत होता. पावसाळा संपला तसा वारा फिरला होता, आता डोंगराकडून येत होता, शेडवरून सरळ खिडकीत. साहेब बराच वेळ तो रुमाल धरून उभे होते. "मी इंजिनिअर आहे," ते म्हणाले. 

आता घरात भांडण होणार असं मला वाटलं. झालं नाही. आजी पडदा घेऊन खोलीत गेल्या, त्याचा वास घेतला आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. "हलवा ते," म्हणाल्या. "विहिरीच्या वेळी मला विचारलं नाहीत, आता विचारलंत तर मला कळलं नाही." मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि थांबल्या. "पण पौष लागलाय."

"आई," साहेब म्हणाले.

"पौषात पाया खणत नाहीत रे. घरात आजारी माणूस असताना तर नकोच नको."

साहेब वहिनींकडे बघायला लागले. वहिनी म्हणाल्या, "माघात खणा. तोवर नाही लावायचं इंजिन, एवढंच ना?" हे त्या आजींचं मन राखायला म्हणाल्या असं पुढे काही नातेवाईक सांगायचे. मी तिथे होतो. वहिनींनाही पौषात खणू नये असंच वाटत होतं. मलाही वाटत होतं. आमच्याकडेही पौषात नवीन काही कुणी करत नाही. साहेबांना वाटत नव्हतं, पण विहिरीनंतर त्यांच्यात ते बोलायचं बळ राहिलं नव्हतं.

त्यांनी एक केलं. लांब पाइप आणून धूर घराला वळसा घालून पश्चिमेला काढायचा प्रयत्न केला. पाइप लांबला तसं इंजिनच गुदमरायला लागलं आणि बंद पडलं. वहिनी म्हणाल्या, "बघा, त्यालाही तेच होतंय." त्यांनी हात छातीवर ठेवला, पण त्या हसल्या नाहीत.

मग एका संध्याकाळी वीज गेली. साहेब कारखान्यात होते. आजी वाळ्याचा पंखा भिजवून वारा घालत होत्या. वहिनी उशीला टेकून, दोन्ही हात गादीवर रोवून बसल्या होत्या. शिट्टीचा आवाज आता बारीक राहिला नव्हता. आजींचा हात दुखायला लागला तसा पंखा मी घेतला. मी घालत असलेला वारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही असं मला दिसत होतं.

आजी म्हणाल्या, "जा, सुरू कर."

वहिनींनी मान हलवली. नको.

"अरे जा म्हणते ना मी. थोडा धूर परवडला."

वहिनींना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं. मी कुणाचं ऐकायचं? एकीने मला घरात ठेवलं होतं, दुसरीचं ते घर होतं. मी वहिनींचं ऐकलं आणि वारा घालत राहिलो. आजी मला रागावल्या नाहीत. त्यांनी खालच्या आवाजात रामरक्षा सुरू केली. पुष्कळ वेळाने वीज आली. पंखा फिरायला लागला आणि वहिनींनी मनगट सोडलं. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते.

त्या आठवड्यात त्यांना मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे वीज जात नसे. रात्रंदिवस पंखा चालू, बाजूला हवेची नळकांडी. मी एकदाच भेटायला गेलो. त्यांनी हळूच विचारलं, "जावई काय करून राहिलेत?" मी म्हटलं, "बसून राहिले." पौष संपायच्या आत त्या तिथेच गेल्या. धुराने की थंडीने, की ते दुखणंच तसं होतं, मला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, थंडी.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. माघ लागला होता. तिन्हीसांजेला पानं मांडायची चालली होती आणि वीज गेली.  मला वाटलं, कंदील आणावेत. आजी आतून म्हणाल्या, "सुरू कर." मी साहेबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. खटका खाली करून मी शेडमध्ये गेलो. इतक्या दिवसांत हात लावला नव्हता, तरी पहिल्या हँडलला लागलं.

परत आलो तेव्हा सगळं घर उजळलं होतं. सगळ्या घराची वीज एकाच खटक्यावर होती, त्यामुळे वहिनींची खोलीही. तिथला पंखा फिरत होता. त्यांना मुंबईला नेलं तेव्हा तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि नंतर कुणाचा हात धजला नव्हता. तो मी बंद करायला गेलो. आजी रिकाम्या पलंगावर बसल्या होत्या. खिडकी उघडी होती, वारा डोंगराकडूनच होता, आणि धूर आत येत होता. त्यांना खोकला आला. मी आधी खिडकीकडे वळलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"आजी, धूर."

"राहू दे म्हटलं ना. पंखाही राहू दे."

मी बाहेर जाऊन पानं वाढायला लागलो. जेवणं होईपर्यंत इंजिन चालू होतं आणि त्या आतच बसल्या होत्या. इंजिन हलवायला नवा पाया नंतर कुणी खणला नाही.