बेरजेबाहेरचा 'अ'

आज नातीने पोस्टर कलर पाण्यात कालवला आणि त्या वासाने मला मी शिकवायचे त्या हिंगणघाटच्या शाळेतला सहामाहीच्या निकालाचा दिवस आठवला. माझ्या वर्गातली सुजाता गणितात नापास झाली होती. चित्रकलेत मात्र तिला 'अ' श्रेणी होती. कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला जाणाऱ्या तिच्या वडिलांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"मॅडम, याले किती मार्क धरता?"

"ते बेरजेत धरत नाहीत," मी मान वर न करताच म्हणाले.

ते लेकीकडे वळले. "मंग दिवसभर चित्र काऊन काढत राह्यते वं?"

तिने रंग लागलेली बोटं ओढणीत लपवली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुजाता चित्रकलेच्या तासालाही गणितंच सोडवू लागली. आणि मी, आता लाज वाटते, तिची पाठ थोपटली.