नकलेत न आलेला इंडेक्स

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये संगणकाची व्यवस्था माझ्याकडे होती, आणि नोंदी टाइप करायला किल्लारीचे एक ऑपरेटर होते. भूकंपानंतर घरातले एकटेच उरलेले. प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव मोठ्यानं वाचूनच टाइप करायचे.

नव्या वर्षासाठी मी डेटाबेसमधल्या विद्यार्थ्यांच्या यादीची, म्हणजे टेबलाची, नक्कल केली. जुन्या टेबलावर एक इंडेक्स होता: नावातल्या जास्तीच्या मोकळ्या जागा वगळून नावं ताडून बघणारा आणि दुबार नोंद अडवणारा. तो नकलेत आलाच नाही.

"सर, यादीत एकच पोरगं दोनदा बसून राहिलंय. पूर्वी मशीनच दुसऱ्याला हाकलायचं," ऑपरेटर म्हणाले.

"तुमचं टायपिंग बघा," मी म्हणालो.

इंडेक्स माझ्याकडूनच राहिल्याचं कळल्यावरही मी ते कुणाला सांगितलं नाही. दुबार नोंदींचा ठपका ठेवून क्लासच्या मालकांनी त्यांना कामावरून काढलं.

पुढे किल्लारीला गेलो. "लई दिवसांनी कुणी आलं, सर," म्हणत त्यांनी चहा ठेवला. "चूक माझी होती," एवढंच सांगायचं होतं. चहा पिऊन मी परतलो.