कमरेतलं इंजेक्शन

छातीत दुखू लागल्यावर यांना मी आधी खांदा कॉलनीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. तेव्हा सगळे तेच करत. त्यांनी कमरेत दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, नाडी पाहिली आणि म्हणाले, "रिक्षा सोडू नका. सरळ पनवेलला, हॉस्पिटलात."

अ‍ॅटॅक मोठा होता. हॉस्पिटलात गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं आणि दुखणं थांबलं. मग आमचं सगळं लक्ष रक्ताच्या रिपोर्टवर. हृदयाचा स्नायू मेला की त्यातलं एक एन्झाइम रक्तात उतरतं, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं होतं. आकडा जितका वर जाईल तितकं नुकसान जास्त, पुढचे दिवस तितके अवघड. उतरून परत चढला तर मात्र दुसरा अ‍ॅटॅक धरायचा.

आकडा चढला, उतरू लागला. मी घरी जाऊन आंघोळ उरकली, दूध बंद केलं, शेजारी किल्ली दिली आणि परतले. धाकटे दीर जिन्यातच उभे.

"वहिनी, आकडा परत चढलाय."

डॉक्टर म्हणाले, "कार्डिओग्राममध्ये नवीन काही दिसत नाही, पण खात्री देता येत नाही. मुंबईला हलवायचं तर आत्ता ठरवा. वाटेत धोका आहे, थांबण्यातही आहे."

दिरांनी अ‍ॅम्ब्युलन्स सांगूनही टाकली होती. "तुम्ही फक्त हो म्हणा. दादाला काही झालं तर लोक म्हणतील, पनवेललाच ठेवला."

"आणि वाटेत खाडीपुलावर काही झालं तर लोक काय म्हणतील?"

माझ्या तोंडून हो निघेना. निदान यांचे कपडे तरी बदलावेत म्हणून आत गेले. यांना जरा वळवलं तर किंचाळलेच.

"छातीत दुखतंय?"

"छातीचं काय विचारतेस? कंबर बघ! कालपासून सांगतोय, जो येतो तो छातीलाच नळी लावतो."

पायजमा सरकवला. डावा कुल्ला काळानिळा, सुजून दगडासारखा टणक झालेला. मी डॉक्टरांना हाक मारली.

त्यांनी दाबून पाहिलं. "इथे सुई कोणी दिली?"

"आमच्या डॉक्टरांनी. इथे यायच्या आधी."

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने सुईच्या जागी रक्त आतल्या आत साचत गेलं होतं. आणि तेच एन्झाइम म्हणे अंगातल्या प्रत्येक स्नायूत असतं.

"म्हणजे चढलेला आकडा हृदयाचा की कमरेचा?" दिरांनी विचारलं.

"तेच बघू. आकड्यातला हृदयाचा भाग वेगळा मोजता येतो."

रक्त पुन्हा लॅबला गेलं; आधीचे नमुनेही तसेच मोजायचे होते. खाली अ‍ॅम्ब्युलन्स येऊन हॉर्न वाजवू लागली.

"वहिनी, उशीर झाला तर?"

"तर मी जबाबदार. आधी रिपोर्ट, मग गाडी."

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आधीचे कागद मागवून शेजारी ठेवले, पुन्हा वाचलं. एकूण आकडा चढलेलाच होता, हृदयाचा भाग मात्र उतरतच गेला होता.

"दुसरा अ‍ॅटॅक नाही. इथेच ठेवू."

दीर गाडी परत पाठवायला गेले. मी आत गेले.

"काय ठरलं?" यांनी विचारलं.

"मुंबई रद्द."

"बरं झालं. आता तरी मला उजव्या कुशीवर वळवा."