विडीऐवजी गूळदाणे

सोमवार, २ डिसेंबर १९५७. दुपारची भांडी उरकून मी आमच्या ह्यांची खाकी पँट घेऊन दारात बसले आणि कंबरेची शिलाई उसवायला घेतली. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. शिंप्यानं आत सोडलेलं जादा कापड पहिल्या वेळीच निम्मं संपलं होतं. उरलेलं आज बाहेर काढलं की पुढे काही नव्हतं.

आम्ही सातारा जिल्ह्यातून पिंपरीला आलो ते ह्यांना कारखान्यात फिटरची नोकरी लागली म्हणून. विडी गावाकडूनच बरोबर आली होती, पंधराव्या वर्षापासूनची. दिवसाला एक बंडल. त्या पावसाळ्यात खोकला इतका वाढला की बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, "विडी बंद. औषध मी देईन, पण विडी चालू असेल तर देणार नाही." दसऱ्याला ह्यांनी विडी सोडली. शपथ नाही, नवस नाही. उरलेल्या विड्या चुलीत घातल्या आणि कामावर गेले.

सोडणं एका सकाळचं होतं, नंतरचे दिवस अवघड. हात सारखा छातीवरच्या खिशाकडे जायचा, खिसा रिकामा लागला की तोंड सुटायचं. भाजीत मीठ जास्त, चहा गार, दार मोठ्यानं का लावलं. मी ठरवलं, हात खिशाकडे गेला की तोंडात काहीतरी पडलं पाहिजे. एक पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात गूळ नि भाजलेले शेंगदाणे भरून कामावर पाठवू लागले. घरी आल्यावर चिवडा, रविवारी बेसनाचे लाडू. एका विडीमागे एक मूठ. बंडलात विड्या किती असतात हे मला ठाऊक होतं. तेवढ्या मुठी म्हणजे दाणे किती, हा विचार मात्र मी केला नाही.

विचार न करायला कारणही होतं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "यजमानांची तब्येत सुधारली हो." आमच्याकडे माणूस जाड झाला असं कोणी म्हणत नाही, तब्येत सुधारली म्हणतात. आणि नवरा वाळका दिसला तर बोट बायकोकडे जातं. मला ते ऐकायला बरं वाटायचं. मग चपातीवर तूप जरा जास्तच पडायचं.

मी शिलाई उसवत होते तेव्हा चिखलीहून येणारी भाजीवाली पाटी घेऊन आली. पाटी उतरवून तिनं पँटीकडे पाहिलं.

"कुनाची म्हनायची ही?"

"आमच्या ह्यांची."

"आन ते दिसभर करत्यात काय?"

"कामाला जातात. विडी सोडलीय, म्हणून गूळदाणे देते."

"किती वेळा?"

मी सांगितलं. ती पाटीतले मुळे सारखे करत म्हणाली, "बाई, बैलाला एवढी पेंड घातली तर औताला बी तेवढा जुंपावा लागतो. गोठ्यात बांधून पेंड घालताय व्हय तुमी? घ्या, मुळा घ्या. त्यो चावत बसू द्या."

मी मुळे घेतले. राग आला होता, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

साडेपाचला हे आले. चहा नको म्हणाले. शर्टाच्या खिशातून विड्यांचं बंडल काढलं आणि फळीवर ठेवलं. फोडलेलं नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

"उद्यापासून दोन. जेवल्यावर एक, संध्याकाळी एक. बस."

"झालं काय ते सांगा आधी."

ते खाली बसले. बसतानाही त्यांना आता गुडघ्यावर हात टेकावा लागत होता. एका टाकीच्या मागे शिरून नट आवळायचा होता. नेहमीचं काम, दर महिन्याचं. आज पोट अडकलं. ना पुढे, ना मागे. दोघांनी पाय धरून ओढून काढलं.

"काढताना म्हणतात, राव, आता तुम्हाला बाहेर काढायचं की टाकीच हलवायची? दुसरा म्हणतो, विडी बरी होती राव, अंग आटोपशीर ठेवायची." ते हसले नाहीत. "थट्टेचं सोड. अडकणाऱ्या फिटरला कामावर ठेवणार कोण?"

"शेवटचा खोकला येऊन किती दिवस झाले?"

"महिना झाला असेल."

"मग विडीला कशाला परत बोलावता? पोट विडी सोडल्यानं नाही वाढलं, माझ्या डब्यानं वाढलं. चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, हे वाक्य त्यांच्या ओळखीचं नसावं.

"मग दुपारी करू काय मी?" ते म्हणाले. "जेवण झालं की सगळे लिंबाखाली ओढत बसतात. मी शेजारी दाणे खात बसतो. दाणे नसले तर हात कुठे जाईल ते मलाच माहीत नाही."

"बसूच नका तिथं. जेवलात की कुंपणाच्या कडेनं चालत राहा, भोंगा होईपर्यंत."

"लोक म्हणतील याला वेड लागलं."

"टाकीमागे अडकलात तेव्हा काय म्हणाले ते ऐकून आलात ना?"

आता मात्र ते हसले. मी पुढे रेटलं. सायकल घरी ठेवायची, कामावर पायी जायचं. डबा जेवणापुरता. मधल्या वेळी मुळा नाहीतर गाजर. ते सगळ्याला हो म्हणाले, पायी जाण्यापाशी थांबले.

"कारखान्याच्या फाटकाच्या अलीकडे विडीवाला आहे. सायकलवर असलो की सुटतो. चालत गेलो की तो हाक मारणार आणि मी थांबणार."

"मी येते फाटकापर्यंत."

"तू? काम नसताना दोघं रस्त्यानं? चाळ बघेल."

"बघू दे."

बंडल फळीवरच राहिलं. मी त्याला हात लावला नाही. टाकायचं की ठेवायचं हे त्यांनीच ठरवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन भाकऱ्या आणि मेथीची भाजी बांधली, मुळ्याचे तुकडे वेगळ्या कागदात दिले. निघताना फळीकडे न बघता त्यांच्या खिशाकडे पाहिलं. खिसा सपाट होता. चाळीला कारण दिसावं म्हणून मी बाजाराची रिकामी पिशवी हातात घेतली, खरं तर बाजार उलट्या बाजूला होता. रस्त्यात त्यांना दोनदा धाप लागली, दोन्ही वेळा मीच चपलेत खडा गेल्याचं सांगून थांबले. विडीवाल्यानं हाक मारलीच, "या साहेब, बऱ्याच दिवसांनी!" आणि मग मला पाहून, "वहिनी, सकाळी सकाळी कुठे?" मी म्हटलं, "बाजारात." हे थांबले नाहीत. ते फाटकातून आत गेले, आणि मी पदर खोचून घराकडे वळले.