शुभाचा सी-थ्री

आईचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या खालीच होते, चहा घेत. "वर ये," एवढंच म्हणाली... लिफ्ट येईना म्हणून जिने चढत गेले, तरी उशीर झालाच. माझी धाकटी बहीण शुभा गेली होती. दीड महिना होत आला, माझा राग अजून उतरत नाही.

राग कुणावर, तर रक्तातल्या एका प्रोटीनवर! शुभाला ल्युपस होता. शरीर आपल्याच अवयवांवर उलटतं, तो आजार. तो अंगात पेटला की सी-थ्री नावाचं हे प्रोटीन खर्ची पडतं आणि रिपोर्टात त्याचा आकडा घसरतो. आमचं घर डायबेटिसवाल्यांचं. आकडा उतरला की हायसं वाटायची सवय. पहिल्यांदा सी-थ्री घसरला तेव्हा आईने भांडुपच्या आमच्या अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. शुभाची हसून मुरकुंडी वळली. "अगं आई, माझी वाट लागल्येय आणि तू पेढे काय वाटतेस!" अशी होती ती. मरोळच्या ऑफिसात सुजलेल्या बोटांनी दिवसभर टायपिंग करायची आणि कुणी तब्येत विचारली की "झकास" म्हणायची.

यंदा टेस्टची वेळ नेमकी गणपतीच्या तोंडावर आली. "ताई, सणात घरात वाईट आकडा नको गं. विसर्जन झालं की टोचून घेते ना," शुभा म्हणाली. आईनेही मान डोलावली. माझी कटकट दोघींनी हसण्यावारी नेली. आणि खरंच, कधी नव्हे ती टवटवीत दिसत होती, मोदकांच्या कळ्या पाडत बसली होती... विसर्जन झालं आणि तिचे पाय सुजले. सी-थ्री तळाला गेला होता, किडन्या हातच्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी शर्थ केली. मी देवाकडे एकच मागत होते, आकडा वाढू दे. नाही वाढला.

उन्हाने तिचा आजार चाळवायचा, म्हणून तिच्या पलंगाजवळच्या खिडकीला जाड पडदा आहे. परवा खोली फार कोंदट वाटली म्हणून मी तो सरकवला.

"अगं, ऊन येतंय ना तिच्या अंगावर!" आई ओरडली. मग रिकाम्या पलंगाकडे बघत मटकन खाली बसली. "गणपतीआधी टोचलं असतं तर वाचली असती का गं?"

मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही. मी पडदा पुन्हा ओढून घेतला आणि आईशेजारी बसले.