मुडद्यांचे सिनेमे आणि बाबा

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, शेगावला दर्शनाच्या रांगेत मनातल्या मनातसुद्धा नाही — ही गोष्ट मी आजवर कुठेच उच्चारलेली नाही. तुम्हाला सांगते.

आधी सोपं ते सांगते. मला झॉम्बींचे विनोदी सिनेमे आवडतात. मेलेली माणसं उठतात, लडखडत बाजारात शिरतात, एकाचा हात गळून पडतो, तो तिसऱ्याचाच उचलून लावायला बघतो — आणि मी पोट धरून हसते. चिखलीतल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. ‘मुलं मोबाइलवर काय बघतात याकडे लक्ष द्या’ असं पालकसभेत बजावणारी बाई मीच. हसा खुशाल! या आवडीची मला लाज नाही. लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

बाबांनी उभी हयात ट्रक चालवला. मग लकवा मारला. उजवा हात छातीशी आखडला, पाय ओढत चालू लागले, तेव्हा पिंपळगाव राजा या आमच्या गावाहून मी त्यांना माझ्याकडे आणलं. जीभ जड झाली होती — एक वाक्य जुळवायला वेळ लागे. डोकं मात्र लख्ख. भेटायला येणारे त्यांच्याकडे बघून डोळे पुसायचे, आणि बाबांना त्याचा भयंकर राग यायचा.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेला असला एक सिनेमा लागला. मी बदलायला उठले, तर बाबांनी डाव्या हातानं थांबवलं. पडद्यावर एक मुडदा हात वाकडा धरून, पाय घासत येत होता.

“पाह्य व, माह्यावानीच चालते हा!” बाबा म्हणाले. आणि हसले — आजारपणानंतर पहिल्यांदा, ठसका लागेपर्यंत. मीही हसले. का हसू नये?

मग दर रविवारी तेच. “मुडद्यायचं लाव व.” सिनेमा रंगात आला की बाबा उठून मुडद्याची चाल करायचे, आणि मी, पन्नाशीला टेकलेली बाई, किंचाळत पळायचे. रडणाऱ्या पाहुण्यांनी त्यांना दिलं नाही ते या भंगार सिनेमांनी दिलं. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

फक्त — ज्या दिवशी सांगायला हवं होतं, त्या दिवशी सांगितलं नाही.

बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, आणि काकू त्यांच्या मुलीच्या सोयरिकीबद्दल विचारायला आले होते. बाबांच्या शब्दाशिवाय काका साधा बैलही घेत नसत. दार उघडंच होतं. टीव्हीवर मुडदे, आणि बाबा लाळ गाळत, हात पुढे करून, ‘घर्रर्र’ करत माझ्या मागे.

“हे काय व बाई?” काकू दारातच थबकल्या.

‘आम्ही खेळून राह्यलो’ — एवढंच म्हणायचं होतं. जड होतं का ते? मी टीव्ही बंद केला.

“मी नाही लावलं, काका. बाबाच लावतात. त्यायचं डोकं ठिकाणावर नाही आता.”

बाबा तिथेच उभे होते. हात अजून पुढेच. त्यांचे ओठ हलले, शब्द जुळवू लागले — ते जुळेपर्यंत मी थांबले नाही. चहा टाकायला आत गेले.

मुलाचं नाव-गाव काकांनी मला सांगितलं, बाबांना नाही. लग्नालाही मला एकटीलाच बोलावलं. लग्नाहून मी परत आले तेव्हा बाबांनी विचारलं, “मले काऊन नाही नेलं?”

“हॉलले लय पायऱ्या होत्या, बाबा.”

हे माझं दुसरं खोटं. पहिल्या खोट्याबद्दल तर त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. उलट त्यानंतर कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून गप्प पडायचे. कशासाठी? मला खोटं पडू द्यायचं नव्हतं त्यांना — दुसरं काय! रविवारी मात्र आम्ही हसायचो. शेवटच्या रविवारीही हसलो.

बाबा गेले. ते सिनेमे मी अजून बघते, आवाज मोठा करून बघते, शेजारच्यांना काय वाटायचं ते वाटो. इतकी धीट झाले आहे मी.

वर्षश्राद्धाला पंगत बसली होती. सगळ्या नातेवाइकांसमोर काका म्हणाले, “शेवटी शेवटी दादाले काहीच समजे नाही. एका परीनं बरंच झालं.”

मी मान हलवली, आणि पुढच्या पानावर वाढायला वाकले.